खिळ्यावर नसलेलं बूच

बूच खिळ्यावर नव्हतं.

ताईनं आधी स्वतःलाच दटावलं, अगं, खिशात असेल! एप्रनचे चारही खिसे उलटे केले. दोन वायसर निघाले, पेन्सिलीचं थोटूक निघालं, बूच नाही. मग टेबलाखाली, मग मघाशी झाडलेल्या कचऱ्यात हात घालून पाहिलं. शेडच्या भिंतीवर अठरा खिळे आणि अठरा बुचं, ही मेकॅनिक असलेल्या वडिलांनी लावलेली शिस्त. काम झालं की बूच खिळ्यावर. सतरा जागच्या जागी होती. अठराव्या खिळ्यावर लाल बूच असायचं.

घड्याळात साडेनऊ. भुंग्या सातला उडाला होता.

भुंग्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पायलट. लहानपणी दिवसभर गुणगुणत फिरायचा, म्हणून भुंग्या. एक चिमुकलं विमान समुद्रापलीकडच्या नव्या मालकाला पोचवायचं काम त्यानं घेतलं होतं. पलीकडचा किनारा नऊ तासांवर आणि पंखांतल्या टाक्यांत इंधन जेमतेम पाच तासांचं. म्हणून ताईनं मागच्या सीटा काढून तिथं एक जादा टाकी बसवली. आता टाकी आली की हवेची नळी आलीच. जेवढं इंधन बाहेर पडतं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकी इंधन सोडतच नाही. ही नळी विमानाच्या पोटाखाली निघते. काल इंजिन चालवून झाल्यावर एक जोड पाझरताना दिसला. तो आवळून ताईनं नळीच्या तोंडात लाल बूच मारलं आणि हवा भरून टाकी तपासली. बूच तिथंच राहिलं.

राहिलं कसं? वीस वर्षांत कधी राहिलं नाही! वडिलांचा नियम होता: उडण्याआधी एकानं यादी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं त्या त्या वस्तूला हात लावून उत्तर द्यायचं. पण काल संध्याकाळी दोघांचं वाजलं. ती म्हणाली, "किनारा दिसतोय तोवर नवी टाकी लावून बघ."

"तीन तासांनी लावीन. आधी पंखातलं निम्मं तरी संपू दे. विमान कोण चालवतंय, तू का मी?"

"चालव बाबा, मला मेलीला काय कळतंय!"

झालं, अबोला. सकाळी दोघं आपापला कागद घेऊन, तोंडं फुगवून विमानाभोवती उलट्या दिशांनी फिरली. तिला वाटलं, तो बघेल. त्याला वाटलं, ताईचं काम, त्यात काय बघायचं? चाळिशी उलटलेली बाई आणि पस्तिशीचा घोडा, पण वागणं पहिलीतल्या पोरांचं!

तीन तासांनी, म्हणजे दहाला. तेव्हा पंखांत दोन तासांचं इंधन उरणार आणि मागे फिरायला तीन लागणार. खाली नुसतं पाणी. ताई विमानतळाच्या टॉवरकडे पळत सुटली.

"काका, भुंग्याला थांबवा!"

टॉवरमधल्या काकांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "पोरी, तो आपल्या रेडिओच्या टप्प्याबाहेर गेला गं. वरून एखादं मोठं विमान जात असलं तर त्याच्या हाती निरोप देता येईल."

ते हाका मारत बसले. उत्तर येईना. पावणेदहा झाले, दहा झाले. दहा वाजून सहा मिनिटांनी एका प्रवासी विमानाच्या पायलट बाई बोलल्या, "सांगा, ऐकतेय."

"त्याला म्हणावं, हवेच्या नळीत बूच राहिलंय. माझ्याकडून राहिलंय. टाकीचं वरचं झाकण सैल कर, तिथून हवा जाईल. वास सुटेल, खिडकी उघड. आणि सिगरेट पेटवशील तर माझी शपथ आहे!"

बराच वेळ नुसती खरखर. मग बाई म्हणाल्या, "सापडला. इंजिन दोनदा बंद पडलं म्हणतोय, पंखातल्या इंधनावर परत सुरू केलंय. पंप बघितला, सगळ्या तोट्या बघितल्या. नळीचा विचारच केला नाही म्हणतोय, ताईनं बसवलीय म्हणून."

ताईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"निरोप दिला. झाकणाकडे वळतोय, तो..." आणि खरखर. पुढं काहीच नाही. काकांनी तासभर हाका मारल्या.

बारा वाजले. झाकण उघडलं नसेल तर याच मिनिटाला त्याचं इंधन संपलं. ताई शेडमध्ये येऊन फोनपुढे बसली. कुणी चहा आणून ठेवला, तो साय धरून गार झाला. एक वाजला, दोन वाजले. चूक तिची आणि बुडायचं त्यानं, हा कुठला न्याय? देवा, परत भांडणार नाही. छे, भांडेन, खूप भांडेन, पण त्याला आण.

सव्वाचारला फोन वाजला. उचलायला तिचा हात उठेना. सातव्या घंटीला उचलला.

"कागद आहे का समोर?" भुंग्याचा आवाज, घोगरा. "वाच."

"भुंग्या, मेल्या..."

"ताई, वाच ना. मोठ्यानं. मी विमानापाशीच उभा आहे."

तिनं डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. चाकं. "आहेत." पंखांची झाकणं. "घट्ट आहेत." एकेका ओळीला तो हात लावत होता, पत्र्यावरची थाप तिला ऐकू येत होती. मग अकरावी ओळ आली. "हवेच्या नळीचं बूच."

तिकडं गुडघे टेकल्याचा आवाज, मग कण्हणं.

"काढलं," तो म्हणाला. "पुढचं वाच."