प्रभानंदांच्या चिमटीतला दिवा

१९५८ च्या उन्हाळ्यात हेब्बाळ गावाच्या तळ्यापलीकडच्या मराठी वस्तीत मठाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. आत दारं-खिडक्या लावलेल्या अंधारात प्रभानंदस्वामींच्या चिमटीत इवलासा काचेचा दिवा लखकन पेटला, आणि एकच जयजयकार झाला.

"खांब नको, तार नको! दीक्षा घ्या, घरोघरी ज्योत लागेल!" स्वामी गरजले. दीक्षेला एक पोतं नाचणी.

कोपऱ्यात उभा उमाजी जळत होता. वीज खात्याचा हा सर्वेक्षक दीड महिना दारोदार हिंडून घरं, विहिरी मोजत होता. तीस अर्ज जमले तरच इथं लाईन परवडणार होती. नाहीतर खांब दुसऱ्या गावाला. सत्तावीस जमले होते, पण स्वामी आल्यापासून वीस जणांनी ते परत नेले. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, आणि या माणसापुढं दुधाच्या घागरी!

"भोंदू आहे हा!" तो ओरडला.

"तुझ्या पोटात का दुखतंय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं.

बाहेर गंगव्वानं त्याला गाठलं. मोट ओढून बैल थकले, म्हणून पंपासाठी अर्ज केलेली ही बाई अजून मागे हटली नव्हती.

"अण्णा, हेवा राहू दे. तो दिवा लागतो कसा, ते सांग."

उमाजीनं मठाच्या दाराकडे वळून पाहिलं. इतके दिवस तो गर्दीकडेच बघत होता. दिव्याकडे त्यानं नीट पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गंगव्वासोबत पुढं बसला, नजर फक्त स्वामींच्या बोटांवर. अंगठ्यात एक तांब्याची अंगठी, तर्जनीत दुसरी. एक दिव्याच्या बुडाला टेकली, दुसरी कडेला, की उजेड.

"स्वामी, ज्योत तपाची ना? मग अंगठ्या काढून लावा."

"गुरूंचा प्रसाद आहे तो! अश्रद्धेनं ज्योत रुसते!"

"रुसू दे स्वल्प, थोडीशी," म्हणत गंगव्वानं अंगठी ओढली. अंगठीमागून स्वामींच्या बाहीतून बारीक तार आली, आणि त्यांच्या कमरेचे बॅटरीचे सेल खळकन जमिनीवर पडले.

स्वामी मागच्या दारानं सटकले, आणि उमाजीनं ते सेल जुळवून दिवा पेटवला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले. क्षणभर त्याला ते फार गोड वाटलं. मग त्यानं सगळं गंगव्वाच्या हाती दिलं. तिनंही पेटवला. मग शेजारणीनं.

"यावर पंप फिरत नाही," उमाजी म्हणाला, "त्याला खांब-तारच लागते. पण मी सांगतो म्हणून मानू नका. हेब्बाळला पंप चालू आहे, जाऊन बघा, मग सही करा."

लोक जाऊन आले. आठवड्यात एकेचाळीस अर्ज झाले.

मठातला तो दिवा मात्र अजून घरोघरी फिरत होता, आणि गंगव्वा प्रत्येकीला बजावत होती, "हात जोडू नका गं, हात लावून बघा!"