नऊ सेकंदांची थरथर

मी एक जुनी थरथर आहे. लांबी नऊ सेकंद. मला रंग नाही, आवाज नाही; कुठल्यातरी चित्रावर बसल्याशिवाय मी दिसतही नाही. तेव्हा मित्रांनो, माझी गोष्ट मी सेकंदांनीच सांगते.

पहिला सेकंद.
एका घरात एक संकलक राहायची. चित्रपटाचे तुकडे जोडणं हे तिचं काम. एका दृश्यात एक बहीण रडू आवरत, नावेतून दूर जाणाऱ्या भावाला आपल्या कॅमेऱ्यात टिपते. पण तिच्या कॅमेऱ्यातून दिसणारं चित्र घेतलं होतं ट्रायपॉडवरून, जराही न हलता. दिग्दर्शक म्हणाला, "ही बहीण आहे की पुतळा?"

दुसरा.
तिने संगणकाला सांगून चित्र हलवलं. "आता मिक्सर चालू राहिल्यासारखं वाटतंय," दिग्दर्शक म्हणाला. मग तिने स्वतःच कॅमेरा धरून हलवला. तेही खोटं दिसलं. मुद्दाम हलणाऱ्या हाताला पुढे कुठे जायचं ते आधीच ठाऊक असतं.

तिसरा.
तिचे वडील तीस वर्षं कॅमेरामन होते. आता त्यांचे हात थरथरायचे. दोन वर्षांत त्यांनी कॅमेऱ्याला बोट लावलं नव्हतं. कुणी भेटायला आलं की ते हात मांडीखाली दाबून बसत.

"बाबा, जरा कॅमेरा धरता? थरथर हवीय मला."

"बापाची टिंगल करतेस?"

"तसं नाही हो..."

"आण इकडे. स्थिर धरून दाखवतो."

चौथा.
इथे मी जन्मले. भिंतीवर कागदाचा एक काळा ठिपका चिकटवला होता. बाबांनी कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास रोखला, ठिपका बरोबर मधोमध घेतला. मनगट निसटलं. ठिपका चौकटीच्या कडेला गेला. बाबांनी त्याला हळूहळू मधे आणलं. पुन्हा गेला. पुन्हा आणला.

"नाही जमत," म्हणाले, आणि कॅमेरा ठेवून आत निघून गेले.

पाचवा.
ठिपका कसा कसा भटकला, ते संगणकाने टिपून घेतलं. मग भिंत गेली, ठिपका गेला, उरले मी. तिने मला नदीच्या चित्रावर अलगद अंथरलं. मी हलले की कडेला काळी फट दिसे, म्हणून चित्र किंचित मोठं केलं. नाव धुक्यात शिरत होती आणि बहीण तिला नजरेत धरून ठेवू पाहत होती. "आता दिसली बहीण," दिग्दर्शक म्हणाला.

बाबांना मात्र तिने काही सांगितलं नाही. धीर झाला नाही.

सहावा, सातवा.
भुर्रकन गेले. तिच्या पुढच्या चित्रपटांत मी आगबोटीवर बसले, दवाखान्याच्या बोळातून फिरले, कुणाच्या तरी स्वप्नातला जिना चढले. लोक म्हणत, "किती खरं!" पुढे आयत्या थरथरी ढिगाने मिळू लागल्या आणि मी फोल्डरच्या तळाशी पडून राहिले. तिथे अंधारसुद्धा नसतो, मित्रांनो.

आठवा.
एका दुपारी घरात तो चित्रपट लागला. नाव दिसली. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"हा माझा हात आहे."

लेकीचा चेहरा उतरला. "हो. न विचारता घेतला. रागावलात?"

बाबांनी तेवढं दृश्य तीनदा मागे घ्यायला लावलं.

"तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं," ते म्हणाले. "पण बघ की. दर वेळी सावरलंय मी."

"मी रोज तेच बघत होते, बाबा."

"मग सांगायचं होतंस, वेडे!" त्यांचे हात केव्हाच मांडीखालून बाहेर आले होते. "जा, कॅमेरा घेऊन ये. ट्रायपॉड राहू दे तिथेच."

नववा.
हा तुमच्यासाठी ठेवला आहे. मला उद्या कुणी पुसून टाकलं तरी माझी तक्रार नाही. पण कुणी थरथरत्या हाताने तुम्हाला काही देऊ लागलं, तर पुढे होऊन ते ओढून घेऊ नका. आपली ओंजळ पसरा आणि थांबा. येतंय ते.