माझ्या काट्यावरचं कुंकू

मित्रांनो, माझ्या तबकडीवर इंग्रजीत पाच शब्द कोरलेले आहेत. वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ आणि कोरडं, असे त्यांचे अर्थ. त्या शब्दांपायी देवासातली पहिली सहा वर्षं मी खोटारडा ठरलो. मी एक जुना वायुभारमापक आहे. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून देवासच्या घरात मला सगळे 'हवेचं घड्याळ' म्हणत. ते मला चालायचं. खोटारडा म्हटलेलं मात्र अजून लागतं.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. पितळेचं अंग, जाड काच आणि पोटात पातळ पत्र्याची एक डबी. डबीतली हवा काढून घेतलेली असते. बाहेरच्या हवेचा भार वाढला की ती दबते आणि माझा काटा उजवीकडे जातो. भार उतरला की ती फुगते आणि काटा डावीकडे येतो. मोठा पाऊस यायचा असला की आधी हवेचा भार उतरतो. माझी विद्या काय ती एवढीच.

मुंबईच्या दुकानात मी अगदी शहाण्यासारखा वागत होतो. तिथून मला मानसिंगरावांनी विकत घेतलं. देवासच्या दरबारात ते जमीनमोजणीचं काम बघत, आणि घरात त्यांना तात्या म्हणत. पेटीत गवत भरून त्यांनी मला मोठ्या हौसेनं आणलं. पण माळव्याचं पठार समुद्रापासून फार उंच. उंचावर हवेचा भार मुळातच कमी. त्यामुळे ओसरीच्या भिंतीवर टांगलं तेव्हा माझा काटा घसरून थेट 'वादळ' या शब्दापाशी गेलेला होता. माझ्या पाठीवर एक बारीक स्क्रू आहे. गावाच्या उंचीप्रमाणे तो एकदा फिरवला की सगळं जागेवर येतं. तो फिरवायचा असतो हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

मग काय विचारता. वैशाखातलं रखरखीत ऊन आणि मी आपला वादळ सांगतोय. तात्यांचे स्नेही खंडोजी ओसरीवर आले की आधी माझ्याकडे बघत आणि म्हणत, "तात्यासाहेब, आज छत्री घेऊनच निघतो." सगळे हसत. तात्याही हसत, पण त्यांचे कान लाल होत. हळूहळू त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. काचेवर धूळ बसली. एक कोळी तर माझ्यामागे घर करून राहिला.

मला वाचवलं ते खंडेनवमीनं. त्या दिवशी मराठ्यांच्या घरी शस्त्रांची आणि कामाच्या हत्यारांची पूजा होते. तात्यांच्या पत्नी जानकीबाई, म्हणजे घरच्या माई, यांनी तलवारीशेजारी मोजणीची साखळी मांडली आणि मलाही पुसून पाटावर बसवलं. ओल्या कुंकवाचा ठिपका त्यांनी माझ्या काचेवर लावला. तो पडला नेमका काट्याच्या टोकावर.

दुसऱ्या दिवशी मला परत खुंटीला अडकवताना माईंना दिसलं, की ठिपका जागेवर आहे आणि काटा थोडा डावीकडे गेला आहे. त्या संध्याकाळी दसऱ्याचं सोनं वाटायला निघालेली मंडळी भिजून परत आली. माईंना इंग्रजी येत नव्हतं. माझे पाच शब्द म्हणजे त्यांच्या लेखी नुसती नक्षी. म्हणून त्यांना त्या शब्दांनी कधी फसवलं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की त्या मला बोटानं हळूच टिचकी मारत, कालच्या ठिपक्याशी काटा ताडून बघत आणि मग कालचा पुसून आजचा लावत. कुणाला काही बोलल्या नाहीत. मित्रांनो, आपल्याकडे कुणीतरी रोज नीट बघतं आहे, हे सुख काय असतं ते मला तेव्हा कळलं.

तीन वर्षं अशी गेली. मग आली माझ्या परीक्षेची वेळ.

माईंची एकुलती एक लेक बकुळा पीपलरावां गावी दिली होती. तिला पहिल्या खेपेचा सातवा महिना लागलेला. सासू दोन वर्षांपूर्वीच वारलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. आठव्या महिन्यात तेव्हा लेकीसुनांना प्रवास करू देत नसत, आणि तिचा आठवा दसऱ्याला लागणार होता. पितृपक्षात आणायचं नाही. म्हणजे हातात उरले नवरात्राचे दिवस. वाटेत कालीसिंध नदी गाडीनं पाण्यातूनच ओलांडावी लागे.

जोशीबुवांनी सप्तमीचा मुहूर्त काढून दिला. इंदूरहून येणाऱ्या साप्ताहिकात हवेचा अंदाज छापून आला होता: येत्या आठवड्यात माळव्यात आकाश निरभ्र व हवा कोरडी राहील. तात्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. अंगणात शरदाचं ऊन पडलं होतं, ज्वारी निसवली होती, ढगाचा टिपूस नव्हता.

द्वितीयेला माझा काटा ठिपक्यावरून डावीकडे सरकला. तृतीयेला उजाडताना तो गव्हाच्या दाण्याएवढा आणखी उतरला होता. माईंनी दोनदा टिचकी मारली आणि तशाच तात्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, बकुळाला आजच आणायला पाठवा."

"मुहूर्त सप्तमीचा आहे. आणि पेपरात काय आलंय ते ऐकलंत ना?"

"पेपर चार दिवसांपूर्वी छापलाय. हा आज सांगतोय."

"कोण? हा?" तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा तर बारा महिने वादळच सांगतो."

"तो काय बोलतो ते मला वाचता येत नाही," माई म्हणाल्या. "तो कुठून कुठे जातो ते तीन वर्षं बघतेय मी. एवढा उतरला की पाऊस चुकत नाही. लेक आपली आहे. मुहूर्ताचा दोष लागला तर मला लागू दे."

तात्या उठून माझ्यासमोर आले. कुंकवाचा ठिपका आणि काटा यांच्यामधली जागा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी गाडीवान फत्तेसिंगाला हाक मारली.

"भिया, आज कंई बात हुई?" तो माळवी माणूस वर बघत म्हणाला. "आसमान तो साफ हे."

"माईंचा हुकूम आहे," तात्या म्हणाले.

छकडा गेला. तृतीया कोरडी गेली. चतुर्थीची दुपारही कोरडी गेली, आणि माझ्या पोटातली डबी भीतीनं अधिकच फुगल्यासारखी मला वाटली. मी चुकलो असतो तर हसं माझं नव्हे, माईंचं झालं असतं. दिवेलागणीला पूर्वेकडून ढग आले आणि पाऊस कोसळू लागला. मी खरा ठरलो होतो. पण मला आनंद होईना, कारण गाडी नदीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे माझ्या तबकडीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. माई माझ्याखाली भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी मला टिचकी मारली नाही.

पंचमीला दुपारी चिखलानं माखलेला छकडा दारात थांबला. बकुळा आईच्या खांद्याला धरून उतरली.

"माई," फत्तेसिंग पागोटं पिळत म्हणाला, "काल दुपहर में नद्दी गोडा-गोडा थी. सांझ पडी ने दोई किनारा एक हुई ग्या."

दुपारी गुडघाभर असलेली नदी संध्याकाळी दुथडी भरली होती. ती दसऱ्यापर्यंत उतरली नाही. सप्तमीचा मुहूर्त पाण्यात गेला, आणि बकुळेला मुलगी झाली ती आईच्या हाताशी.

पुढे एका जाणत्या पाहुण्यानं माझ्या पाठीवरचा स्क्रू फिरवला. शब्द खरे झाले. खंडोजींनी माझी माफी मागितली. आता सगळेच मला वाचू लागले, पण माईंनी ठिपका सोडला नाही. त्या गेल्या, त्यानंतर मात्र कुणी लावला नाही.

आज मी बकुळेच्या पणतीच्या, प्रमोदिनीच्या घरी आहे. तिच्या हातातल्या फोनवर आठवड्याची हवा दिसते, आणि ती बहुधा बरोबर असते. माझी तक्रार नाही. मित्रांनो, फक्त एक विनंती. घरातल्या जुन्या वस्तूंना, आणि माणसांनाही, अधूनमधून जवळ जाऊन बघत जा. आणि दिवाळीला मला पुसाल तेव्हा काच हवी तेवढी लख्ख करा, पण काचेच्या कडेला पितळेच्या खाचेत तांबडा कण अडकलेला दिसेल, तो खरवडू नका. तो गंज नाही.