फोटोखालच्या ओळी

ताईने तो प्रोग्राम लिहिला तेव्हा ती कॉलेजात होती आणि डोक्यात हवा होती. फोटो नीट लावायचे, खाली ओळी लिहायच्या, हवा तो फोटो चुटकीसरशी शोधायचा. संगणकाच्या मुक्त प्रणालीवर चालणारा, कुणीही फुकट घ्यावा असा. फक्त एक घोडचूक झाली. फोटोखालच्या ओळी तिने फोटोत न ठेवता प्रोग्रामच्या स्वतःच्या वहीत, म्हणजे एका वेगळ्या फाइलीत ठेवल्या. प्रोग्राम बंद पडला की ओळी गेल्याच.

त्याला चौदा वर्षं झाली. प्रोग्रामला हातभार लावणारे बरोबरचे सगळे एकेक करून हात झटकून मोकळे झाले आणि लोढणं ताईच्या गळ्यात राहिलं. दिवसा दवाखान्यात एक्स-रे काढायचे, घरी येऊन अनोळखी माणसांच्या तक्रारी निस्तरायच्या. प्रणालीची नवी आवृत्ती आली की हिचा प्रोग्राम पुन्हा लंगडायला लागे. सोडून द्यावा असं रोज वाटे. पण सोडणार कशी? बाबांचे नऊ हजार फोटो त्यात होते.

बाबा निवृत्त पोस्टमन. पत्ता नसलेली वस्तू त्यांना बघवत नसे. गळ्यात सदा कॅमेरा, आणि प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, कधी, सगळं दोन बोटांनी टाइप केलेलं. त्यांनी काय लिहिलंय ते ताईने कधी वाचलं नव्हतं. वेळ कुठे होता?

पुढच्या महिन्यातल्या आवृत्तीवर प्रोग्राम चालणारच नव्हता. मग तिने कंबर कसली. प्रत्येक ओळ वहीतून उचलून त्या त्या फोटोच्या आत बसवायची, म्हणजे ती कुठल्याही प्रोग्रामला वाचता येईल. ही युक्ती तिने सगळ्यांसाठी खुली केली आणि खाली ठणकावून लिहिलं, 'हे माझं शेवटचं काम.'

रविवारी दुपारी बाबांचे फोटो घेतले. नऊ हजार ओळी जागच्या जागी बसल्या. खात्री करायला तिने दुसऱ्या कुणाच्या तरी नव्या प्रोग्राममध्ये 'ताई' शोधलं. चारशे बारा फोटो निघाले.

पहिल्यात तिची पाठ. 'ताई, कामात.' दुसऱ्यातही पाठच. 'ताई, कामात. जेवण गार झालं.' मग बाबांच्या सत्तरीचा केक आणि शेजारी रिकामी खुर्ची. 'ताई येतेच म्हणाली.' ज्या ओळी वाचवायला ती इतकी वर्षं अडकून पडली, त्या ओळींत हेच होतं. तिला रडू फुटलं.

"काय गं, गेलं का सगळं?" बाबा घाबरून उठले.

"नाही बाबा. सगळं आलं."

"मग रडतेस कशाला, वेडाबाई? सुटलीस ना आता? चल, जेवून घे."

"आलेच," म्हणत तिने डोळे पुसले. तेवढ्यात पडद्यावर एक पत्र आलं. 'माझ्या आईच्या फोटोंखालच्या ओळी अर्ध्याच आल्या. आई आता नाही. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?'

ताईने पत्र दोनदा वाचलं. मिटायला घेतलेला लॅपटॉप तिने पुन्हा उघडला.

"दोनच मिनिटं हं, बाबा."

तिच्या पाठीमागे कॅमेऱ्याची कळ दाबल्याचा आवाज आला.