खेळाचा रकाना

बालवर्गाचे अर्ज भरून घेण्याचं काम माझं. अर्जात एक रकाना आहे: 'पालक मुलाशी कसे खेळतात?' अर्धा तास मोठ्या बाई निरखतात, मी लिहितो. अकरा वर्षांत सिंह झालेले वकील पाहिले, आगगाडी झालेल्या आज्याही पाहिल्या.

त्या दिवशी दोघेच पालक होते. जागाही दोनच, पण बाईंना पटलं तर. दाताचे डॉक्टर आल्या आल्या रांगू लागले आणि लेकाला पाठीवर घेऊन घोडा झाले. असे खिंकाळले की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी जमली. मी मनापासून लिहिलं: उत्तम.

मग शिवणवाली आली, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. तिच्या कारखान्यात पहिल्या तारखेपासून मुलं आणायला बंदी होती. इथली जागा हुकली की तिचं काम गेलं. अशा वेळी माणूस घोडाच काय, उंटही होईल. ही मात्र लेकीकडे पाठ करून बसली आणि पिशवीतून पँट काढून तिची दुमड शिवू लागली.

"अहो, खेळा ना तिच्याशी," बाई म्हणाल्या.

"मी कशाला? ती खेळतेय की."

"घरीही खेळत नाही?"

"आमच्यात मोठी माणसं पोरांच्या खेळात नाक खुपसत नाहीत. मी शिरले की ती माझं तोंड बघत खेळते. मग तो खेळ माझा होतो, तिचा कुठला?"

बाईंच्या भुवया चढल्या. मी 'सहभाग नाही' लिहायला पेन उचललं.

तेवढ्यात डॉक्टरांना फोन आला आणि ते बाहेर गेले. मुलगा ठोकळ्यांपुढे तसाच बसून राहिला, घोड्याची वाट पाहत. मुलीने त्याला हाताला धरून उठवलं.

"तू गिऱ्हाईक. हलायचं नाही." फ्रॉकच्या खिशातून तिने एक नाडी काढून त्याच्या हाताला मापासाठी लावली. "बाही सात हत्ती."

"आधी खांदा," आई पाठमोरीच म्हणाली.

मुलीने निमूट नाडी खांद्यावर नेली. "हा वाकडा उभा राहतो."

"राहू दे. वाकड्यांनाही कपडे लागतात."

मुलगा इतका हसला की खाली बसला. आईने सुईवरची नजरसुद्धा हलवली नव्हती, आणि अर्ध्या तासातलं एक अक्षर तिच्या कानातून निसटलं नव्हतं. बाईंनी माझ्या पेनावर हात ठेवला.

डॉक्टर परतले ते थेट गुडघ्यांवर.

"काका, घोडे बाहेर बांधायचे," मुलगी म्हणाली. "आत गिऱ्हाईकं."

डॉक्टर मुकाट्याने उठून लेकामागे उभे राहिले. बाई शिवणवालीशी बोलायला निघाल्या, तर मुलीने त्यांनाही अडवलं. "रांगेत या." बाई डॉक्टरांच्या मागे गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "सोमवारी आठला घेऊन या हिला."

"साडेसातला आणते," दाताने दोरा तोडत ती म्हणाली. "कारखान्यात माझी पाळी आठला सुरू होते."

"या."

तो रकाना मी कोराच ठेवला. बाईंच्या मागे माझा नंबर होता.