म्हातारीचा आवंढा

तिने आवंढा गिळला, आणि तिसऱ्या रांगेतून बाबांचा आवाज आला, "वा!"

तालीम जागच्या जागी थांबली. नट एकमेकांची तोंडं बघू लागले. दिग्दर्शक म्हणून बाबांचा लौकिकच असा, की शाबासकी द्यायची म्हणजे जिवावर यायचं. पोटच्या मुलीला तर नाहीच नाही.

"पाहिलंत? सत्तरीची बाई अशी गिळते! मान आखडलेली, डोळे मिटलेले, घशात काटा अडकल्यासारखी. आणि आवाज ऐका, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. याला म्हणतात भूमिकेत शिरणं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पंचविशीची ती पोर काठी टेकून उभी होती. अंगात कणकण होती, कान ठणकत होता, सकाळपासून घोटभर पाणीही धड घशाखाली उतरलं नव्हतं. पण 'वा' काय रोज मिळतं? शिवाय परवा पहिला प्रयोग. नट आडवा झाला तरी पडदा वर जातो, हे बाबांचं ब्रीद. बदली नटी विंगेत बसून हिचेच संवाद ओठांत घोळवत होती. आजारी म्हटलं की भूमिका गेलीच. तिने ब्र काढला नाही.

मधल्या सुट्टीत मावशी रंगपटात तिला सुरकुत्या काढायला बसली. आईची ही धाकटी बहीण मंडळीतल्या सगळ्यांचे चेहरे रंगवायची. ब्रश जबड्याखाली आला आणि पोरगी कळवळली.

"आई गं!"

"ब्रशने कोणी विव्हळतं होय?" मावशीने बोटांनी चाचपलं. दोन्हीकडे गाठी, आणि कपाळ हे तापलेलं. "आ कर बघू."

"नको. तोंडाला वास येतोय."

"मुकाट्याने आ कर!"

मावशीने मोबाईलचा दिवा आत धरला.

"अगं बाई! टॉन्सिल सुजून लालबुंद झालेत, वर पांढरे ठिपके. आणि तुझा बाप तिकडे वाहवा करतोय!"

"नको ना सांगूस, मावशी. जन्मात पहिल्यांदा 'वा' म्हणालेत."

मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला. मग दार उघडून अशी ओरडली, की शेवटच्या रांगेतही ऐकू जावं, "अहो भावोजी, इकडे या! तुमची म्हातारी खरंच आजारी आहे!"

बाबांनी घसा पाहिला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मागून घरमालकाचं काम करणारा नट म्हणाला, "तरी मला वाटलंच होतं."

"वाटलं होतं, तर मघाशी मान कशाला डोलावत होतास?" मावशी म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला, औषधं लिहून दिली. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, आणि आठवडाभर आवाजाला पूर्ण विश्रांती, असं बजावलं. पोरगी बाहेरच्या बाकावर येऊन बसली. डोळे भरून आले होते.

"म्हणजे ते 'वा' टॉन्सिललाच होतं," ती पुटपुटली.

"गिळणं टॉन्सिलचं होतं," बाबांनी मान्य केलं. "आवाजही."

एवढं बोलून ते उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. लांब गेलो की आवाज कमी होतो, अशी त्यांची समजूत. पण रंगभूमीवर मुरलेला गळा तो.

"परवाचा प्रयोग पुढे ढकला... हो हो, मीच बोलतोय... बदली नटी? आहे ना. पाठांतर चोख आहे तिचं." मग ते बराच वेळ ऐकत राहिले. "नाही हो. शेवटी ती म्हातारी घराची किल्ली परत देते आणि हसते. ते आमच्या पोरीवाचून कोणाला जमायचं नाही. महिनाभर रोज बघतोय, आणि रोज चष्मा पुसायला बाहेर जातोय... काय? तिला? छे, तिला कशाला सांगू!"

फोन ठेवून ते वळले. पोरगी बाकावरून उठून उभी राहिली होती.

"बोलायचं नाहीस तू," बाबा घाईघाईने म्हणाले. "एक अक्षरही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय!"