फुलांचे कल्ले

जाईबाईने दिवाळे गावच्या मासळीबाजारात जन्म काढला, आणि माशाचे कल्ले उचलून ते ताजे, लाल आहेत हे बघितल्याशिवाय कुणाची मासळी कधी घेतली नाही. ही तिची हुशारी. दुसरी हुशारी जिभेची, आणि त्याच जिभेने तिचा घात केला होता.

लेकाच्या हळदीला धाकटी बहीण शांती मुरूडवरून स्वतः गुंफलेल्या वेण्या घेऊन आली होती. भरल्या मांडवात जाईबाई म्हणाली, "फुलं हायेत का कालचे बोंबील?" बायका हसल्या. शांती न जेवता गेली, ती आजवर फिरकली नाही. आता परवा नातीची, मोनालीची हळद. शांतीने आमंत्रण घेतलं, पण येते म्हणाली नाही. आणि मोनालीची छोटी आजीच नाही तर हळद कसली?

"आजी, फोन कर ना तिला."

"मी? मोठी कोन, मी का ती?"

माफी मागायचं म्हटलं की जाईबाईच्या घशात पापलेटाचा काटा अडकायचा. मग मोनालीनेच मोबाईलवर दाखवलं, आज पैसे भरले की आजच मुरूडला फुलं पोचतात. जाईबाई खूश. तोंड उघडायला नको, काम फत्ते! मात्र डोकं चालवलंच. शांतीचा नंबर दिला तर ती फोनवरच नको म्हणेल, म्हणून घेणारणीच्या जागीही स्वतःचाच नंबर घालायला लावला. नाव मोनालीने सवयीने 'छोटी आजी' टाकलं, पत्ता नुसता 'मुरूड कोळीवाडा'.

दुपारी फोन आला.

"काकी, मुरूडवरून कल्पेश फूलवाला. ही छोटी आजी कोण? आमच्या कोळीवाड्यात घराघरात एक आहे."

"ते सांगते. आदी फुलं दाखव."

"दाखव म्हणजे?"

"म्हणजे फोन फिरव. न बघता माल घेऊ? मी काय येडी हाय?"

मोनालीने कपाळाला हात लावला. कल्पेशने निमूट व्हिडिओ लावला. टोपलीभर अबोली, मोगरा, आणि वेणी गुंफणारे दोन हात.

"पाकळी दाब. अजून. आता देठ दाखव. काळा पडलाय की!"

"काकी, फूल आहे, सुरमई नाही."

"मना शिकवतो? आनि ती वेणी ढिली गुंफलीय. त्या बाईला सांग, दोरा ओढून घे म्हनावं. कालचे..."

पुढचा शब्द जिभेवर आलाच होता. तेवढ्यात तिला त्या हाताची करंगळी दिसली. वाकडी. लहानपणी शांतीचीच होडीच्या फळीत सापडली होती, तेव्हा ती करंगळी तोंडात धरून जाईबाईच रडली होती.

गुंफणारे हात थांबले.

"बोल ना बाय," तिकडून आवाज आला. "कालचे बोंबील. बोल, थांबलीस का?"

जाईबाईला वाटलं, फोन खाडीत फेकावा. ज्या बाजारात तिच्यापुढे कुणाचं चालत नव्हतं, तिथली ही राणी आता बहिणीला बहिणीचीच वेणी पाठवत होती, आणि वर तिच्यातच खोट काढत होती. इतकं येडं गिऱ्हाईक तिनेही कधी बघितलं नव्हतं.

"शांते, तू... दुकानात बसतेस?"

"गुंफायला येते. कल्पेश, ही माझी मोठी बहीन. फुलं मलाच हायेत. घरी न्यायला नको, बांध इथंच."

"शांते, परवा..."

"परवाचं परवा बघू." फोन बंद.

"आजी, अजून भांडण वाढवलंस तू," मोनाली म्हणाली.  घरातले मात्र रात्रीपर्यंत ही गोष्ट एकमेकांना सांगून हसले.

हळदीच्या दिवशी मांडवात ढोलकी सुरू झाली आणि शांती आली, डोक्यावर टोपली. त्याच बायका, तेच कान टवकारलेले. टोपली जाईबाईपुढे ठेवून ती म्हणाली, "घे बाय. बघ कल्ले उचलून."

 जाईबाईने वेणी उचलली. न दाबता, न हुंगता ती शांतीच्या हातात दिली आणि वाकून तिच्यापुढे मान केली.

"माळ. ताजी हाय. त्या दिवशीचीबी ताजीच होती."

घशातला काटा निघाला खरा, पण डोळ्यांतून पाणी काढून गेला. शांतीने वेणी तिच्या अंबाड्यात खोचली, जरा जोरातच.

"आई गं! हळू खोच की!"

"तूच म्हनालीस ना, ढिली नको."